ज्योतिर्विद यान ऊर्ट

पावसाळा सरून आकाश निवळले, म्हणजे अंधाऱ्या रात्री गावाबाहेरच्या माळावरून एक धूसर, दुधाळ पट्टा आकाशाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत गेलेला दिसतो. आपल्या पूर्वजांनी त्यास आकाशगंगा हे सुंदर नाव दिले. ही गंगा पाण्याची नसून असंख्य ताऱ्यांची आहे, हे गॅलिलिओने १६१० साली दुर्बिणीतून पाहून जगास सांगितले. परंतु हे तारे स्थिर आहेत की फिरत आहेत, फिरत असतील तर कोणाभोवती, आणि या साऱ्या पसाऱ्यात एकंदर द्रव्य तरी किती, हे प्रश्न त्यानंतर तीनशे वर्षे अनुत्तरितच राहिले. त्यांची उत्तरे शोधण्यासाठी ज्यांनी आपले आयुष्य वेचले, त्यांत हॉलंडचे ज्योतिर्विद यान हेन्ड्रिक ऊर्ट यांचे नाव अग्रभागी आहे.

यान ऊर्ट यांचा जन्म २८ एप्रिल १९०० रोजी हॉलंडच्या फ्रीसलंड प्रांतातील फ्रानेकर या लहानशा गावी झाला. या गावात एक कौतुकाची वस्तू आहे. लोकर पिंजण्याचा धंदा करणाऱ्या आयझे आयझिंगा नावाच्या गृहस्थाने १७७४ ते १७८१ या सात वर्षांत आपल्या घराच्या बैठकीच्या खोलीत, छताला, लाकडी चक्रांवर चालणारी सूर्यमालेची प्रतिकृती उभारली. ती आजही चालू आहे. तीत बुध ८८ दिवसांत सूर्याभोवती एक फेरा पुरा करतो. पृथ्वीस एक वर्ष लागते. शनीस तर साडेएकोणतीस वर्षे लागतात. सूर्यापासून ग्रह जितका दूर, तितकी त्याची चाल मंद, हा निसर्गाचा नियम त्या छताखाली उभ्या राहणाऱ्यास सहज उमगतो. पुढे याच नियमाशी ऊर्ट यांची जन्माची गाठ पडावयाची होती.

यान यांचे वडील वैद्यकीय व्यवसाय करीत. १९०३ साली मनोरुग्णांच्या एका रुग्णालयाचे प्रमुखपद त्यांच्याकडे आले, आणि हे कुटुंब लायडेन शहराजवळ येऊन राहिले. आजोबा लायडेन विद्यापीठात हिब्रू भाषेचे प्राध्यापक होते. घरात विद्येची आवड पिढीजात होती. शालेय शिक्षण संपवून १९१७ साली यान ग्रोनिंगनच्या विद्यापीठात दाखल झाले. त्यांचा ओढा प्रथम पदार्थविज्ञानाकडे होता. परंतु तेथे याकोबस काप्टाइन या थोर ज्योतिर्विदाची व्याख्याने त्यांनी ऐकली आणि त्यांच्या आयुष्याची दिशा ठरून गेली.

काप्टाइन हे मोठे व्रतस्थ संशोधक होते. त्यांच्यापाशी स्वतःची मोठी दुर्बीण नव्हती. निरनिराळ्या देशांतील वेधशाळांनी घेतलेली ताऱ्यांची छायाचित्रे मागवून, एकेका ताऱ्याचे स्थान आणि तेज मोजून, त्यांनी ताऱ्यांच्या विश्वाचा एक आराखडा तयार केला होता. तारे एका चपट्या चकतीच्या आकारात पसरलेले असून आपला सूर्य त्या चकतीच्या जवळजवळ मध्याशी आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. आयुष्यभराच्या श्रमांचे ते फळ होते. आधी निरीक्षण करावे, मग मत बनवावे, ही त्यांची शिकवण तरुण ऊर्ट यांच्या मनावर खोल ठसली. १९२२ साली काप्टाइन निवर्तले. ज्या शिकवणीचा वसा त्यांनी शिष्यास दिला, तीच शिकवण अवघ्या पाच वर्षांत गुरूच्या आराखड्यास धक्का देणार होती.

गुरूच्या निधनानंतर ऊर्ट दोन वर्षे अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या वेधशाळेत काम करून १९२४ साली मायदेशी परतले व लायडेनच्या वेधशाळेत रुजू झाले. त्या वेळी एक कोडे त्यांना स्वस्थ बसू देत नव्हते. बहुतेक तारे सूर्याच्या तुलनेने मंद गतीने हलताना दिसतात. परंतु काही थोडे तारे फार वेगवान असतात, आणि नवल असे की हे सारे वेगवान तारे आकाशाच्या एकाच अर्ध्या भागाकडे धावताना दिसतात. दुसऱ्या अर्ध्याकडे त्यांतील एकही जात नाही. असे का व्हावे? १९२६ साली ऊर्ट यांनी डॉक्टरेटसाठी लिहिलेल्या प्रबंधाचा हाच विषय होता.

त्याच सुमारास स्वीडनचे ज्योतिर्विद बर्टिल लिंडब्लाड यांनी एक कल्पना मांडली. ताऱ्यांची ही सारी चकती एका दूरच्या केंद्राभोवती फिरत असावी, असे त्यांचे म्हणणे होते. या कल्पनेने कोडे उलगडण्याचा मार्ग दिसला. आगगाडीतून जाताना, त्याच दिशेने चाललेल्या बैलगाड्या आपणांस मागे मागे जाताना दिसतात. बैलगाडी वस्तुतः पुढेच जात असते. मंद असते इतकेच. त्याचप्रमाणे सूर्य व त्याचे बहुसंख्य सोबती केंद्राभोवती मोठ्या वेगाने फिरत आहेत. जे तारे या प्रदक्षिणेत मागे पडतात, तेच आपणांस उलट दिशेने वेगाने धावल्यासारखे भासतात. वेगवान तारे हे खरोखर मंद तारे होते.

परंतु कल्पना कितीही सुंदर असली, तरी निरीक्षणाच्या कसोटीस उतरल्यावाचून शास्त्रात तिला स्थान नाही. ती कसोटी ऊर्ट यांनी १९२७ साली लावली. त्यांचा विचार साधा होता. भक्कम चाक फिरते तेव्हा त्याचे सर्व भाग बरोबरीने फेरा पुरा करतात. परंतु ताऱ्यांची चकती काही लोखंडी चाक नव्हे. तेथे प्रत्येक तारा स्वतंत्रपणे फिरतो. केंद्राच्या जवळचे तारे आपल्यापुढे निघून जातील. केंद्रापासून दूर असलेले मागे पडतील. म्हणजे आतल्या बाजूस व पुढे असलेले तारे आपल्यापासून दूर जाताना दिसले पाहिजेत. आतल्या बाजूस परंतु मागे असलेले आपल्याकडे येताना दिसले पाहिजेत. बाहेरच्या बाजूस पुढे असणाऱ्या ताऱ्यांना आपण गाठीत जाऊ. मागे असणारे आपल्यापासून आणखी मागे पडतील. आकाशाचा पूर्ण फेरा घेतला, तर तारे दोनदा दूर जाताना व दोनदा जवळ येताना आढळले पाहिजेत.

ऊर्ट यांनी शेकडो ताऱ्यांचे मोजलेले वेग तपासले. त्यांत नेमका हाच क्रम आढळला. आकाशगंगा फिरते आहे, हे निरीक्षणाने सिद्ध झाले. शिवाय ज्या केंद्राभोवती ती फिरते, ते केंद्र सूर्याजवळ नव्हते. ते धनू राशीच्या दिशेस, ऊर्ट यांच्या तेव्हाच्या हिशेबाने सुमारे २०,००० प्रकाशवर्षे दूर होते. प्रकाश सेकंदास सुमारे ३,००,००० किलोमीटर धावतो. तो एका वर्षात जेवढे अंतर काटतो, त्यास एक प्रकाशवर्ष म्हणतात. अमेरिकेचे हार्लो शॅप्ली यांनी ताऱ्यांच्या गोलाकार गुच्छांवरून हीच दिशा काही वर्षांपूर्वी सांगितली होती. आज हे अंतर २६,००० प्रकाशवर्षांहून थोडे अधिक मानले जाते.

काप्टाइन यांचा सूर्यकेंद्रित आराखडा आता टिकणे शक्य नव्हते. ज्या गुरूने आपणांस घडविले, त्याच्या जन्मभराच्या श्रमांचे फळ आपल्याच हातून बाजूस सारले जावे, हा प्रसंग कोणत्याही शिष्यास कठीण वाटणारा आहे. परंतु ऊर्ट यांनी सत्याची वाट सोडली नाही. काप्टाइन यांच्या मोजणीत आळस किंवा निष्काळजीपणा नव्हता. ताऱ्यांच्या मधल्या पोकळीत धुळीचे विरळ ढग पसरलेले आहेत आणि ते दूरच्या ताऱ्यांचा प्रकाश अडवितात, ही गोष्ट त्यांच्या काळी नीट ठाऊक नव्हती. धुक्यात उभ्या असलेल्या मनुष्यास सर्व बाजूंस सारखेच अंतर दिसते, आणि आपण रानाच्या मध्यभागी आहोत असे त्यास वाटते. तसाच हा प्रकार होता. १९३० साली ट्रम्प्लर या शास्त्रज्ञाने या धुळीचा भक्कम पुरावा दिला.

आकाशगंगेचे फिरणे कळले, याचे महत्त्व आणखी एका कारणासाठी फार मोठे आहे. फिरण्याचा वेग हाच आकाशस्थ वस्तूंचा तराजू होय. गोफणीत धोंडा घालून ती गरगर फिरविली, म्हणजे दोरीस ताण बसतो. धोंडा जितक्या वेगाने फिरवावा, तितकी दोरी अधिक बळकट हवी. दोरी कच्ची असेल, तर ती तुटून धोंडा दूर फेकला जातो. सूर्याभोवती फिरणाऱ्या पृथ्वीस दोरी बांधलेली नाही. सूर्याचे गुरुत्वाकर्षण हीच तिची दोरी. पृथ्वी सूर्यापासून सुमारे १५ कोटी किलोमीटर अंतरावर राहून सेकंदास ३० किलोमीटर वेगाने फिरते. एवढ्या वेगाच्या पृथ्वीस आवरून धरण्यास किती ओढ हवी, हे गणिताने काढता येते. आणि त्यावरून सूर्याचे वस्तुमान, म्हणजे त्याच्यातील द्रव्याचा साठा, सुमारे ३,३०,००० पृथ्व्यांइतका ठरतो. अंतर तेच ठेवून वेग दुप्पट आढळला, तर आतले वस्तुमान चौपट असले पाहिजे, असा हा नियम आहे.

हाच नियम आकाशगंगेस लावावयाचा. सूर्य आपल्या ग्रहांसह आकाशगंगेच्या केंद्राभोवती सेकंदास सुमारे २३० किलोमीटर वेगाने फिरतो. इतक्या वेगानेही एक प्रदक्षिणा पुरी होण्यास त्यास २२ ते २३ कोटी वर्षे लागतात. या वेगाच्या सूर्यास आवरून धरण्यासाठी त्याच्या कक्षेच्या आत सुमारे १०,००० कोटी सूर्यांइतके वस्तुमान असले पाहिजे, असे आजच्या मोजणीवरून निघते. ज्या पसाऱ्याच्या आतच आपण राहतो, त्याच्या बाहेर न जाता त्याचे वजन करण्याची ही युक्ती होती.

तराजू हाती आला, आणि लवकरच एक नवी अडचण उभी राहिली. तराजूने दाखविलेले वजन आणि डोळ्यांना दिसणारे द्रव्य यांचा मेळ बसेना. १९३२ साली ऊर्ट यांनी सूर्याच्या आसपासचे तारे चकतीच्या वर व खाली किती वेगाने हेलकावे घेतात, यावरून तेथील द्रव्याचा हिशेब केला. ज्ञात ताऱ्यांच्या द्रव्याहून तो अधिक भरला. यांतील बराचसा वाटा मंद ताऱ्यांचा व वायूचा असल्याचे पुढे दिसून आले. १९३३ साली फ्रिट्झ झ्विकी या शास्त्रज्ञाने दूरच्या दीर्घिकांच्या एका समूहात अशीच, परंतु फार मोठी, तफावत दाखविली. आपल्या आकाशगंगेसारख्या ताऱ्यांच्या प्रचंड समुदायांस दीर्घिका म्हणतात. १९४० साली ऊर्ट यांनी एका भिंगाकृती दीर्घिकेच्या फिरण्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिच्या बाहेरच्या भागात प्रकाश अगदी थोडा, परंतु वस्तुमान मात्र विपुल आढळत होते. जेथे उजेड तेथेच द्रव्य, ही समजूत डळमळीत झाली. ऊर्ट यांनी या तफावतीवर ओढूनताणून उत्तर बसविले नाही. मोजणीने जे दाखविले, ते त्यांनी जसेच्या तसे जगापुढे ठेवले.

याच वर्षी त्यांच्या देशावर मोठे संकट कोसळले. मे १९४० मध्ये जर्मन सैन्याने हॉलंड जिंकून घेतले. विद्यापीठांतील ज्यू प्राध्यापकांना केवळ त्यांच्या वंशासाठी नोकरीतून दूर करण्याचे हुकूम सुटले. लायडेन येथे क्लेवेरिंगा या कायदेपंडितांनी २६ नोव्हेंबर १९४० रोजी भर सभेत या अन्यायाचा निषेध केला. विद्यार्थ्यांनी संप केला. क्लेवेरिंगा यांना कैद झाली आणि विद्यापीठ बंद करण्यात आले. ऊर्ट स्वतः ज्यू नव्हते. गप्प राहिले असते, तर त्यांचे पद आणि वेधशाळेतील संशोधन दोन्ही सुरक्षित राहिले असते. परंतु सहकाऱ्यांवर होणारा अन्याय मुकाट्याने पाहणे त्यांच्या स्वभावात नव्हते. त्यांनी निषेध म्हणून आपले प्राध्यापकपद आणि राष्ट्रीय विज्ञान अकादमीचे सदस्यत्व सोडले व पत्नी आणि तीन मुले यांच्यासह हुल्सहोर्स्ट या खेड्यात जाऊन युद्धाचा काळ काढला.

त्या टंचाईच्या व दडपणाच्या दिवसांतही त्यांचे चिंतन चालूच होते. आकाशातून नभोवाणीच्या लहरींसारख्या लहरी येतात, असे अमेरिकेत आढळले होते. ग्रोट रेबर या अमेरिकन अभियंत्याचा त्याविषयीचा लेख ऊर्ट यांच्या वाचनात आला. त्यांच्या मनात विचार आला की प्रकाशास धूळ अडविते, परंतु या लांब लहरी धुळीतून सहज पार होतात. तेव्हा त्यांत एखादी ठराविक लांबीची लहर सापडली, तर धुळीपलीकडील आकाशगंगेचा वेगही मोजता येईल. आगगाडी शिटी वाजवीत जवळ येते, तेव्हा शिटीचा सूर चढलेला वाटतो आणि गाडी दूर जाऊ लागताच तो उतरतो. त्याचप्रमाणे लहर सोडणारा वायू जवळ येत असेल, तर लहरीची लांबी किंचित कमी भरते. दूर जात असेल, तर किंचित वाढते. मात्र त्यासाठी मूळ लांबी नेमकी ठाऊक हवी.

ऊर्ट यांनी हा प्रश्न फान डे हुल्स्ट या तरुण विद्यार्थ्यापुढे ठेवला. त्याने गणित करून उत्तर आणले. आकाशात सर्वत्र पसरलेल्या हायड्रोजन वायूचा एकेक अणू सुमारे १ कोटी १० लक्ष वर्षांतून एखादे वेळी २१ सेंटिमीटर लांबीची लहर सोडतो. अणू इतका कंजूष असला, तरी अणूंची संख्या अपार आहे. म्हणून ही लहर पृथ्वीवर ऐकू येणे शक्य आहे. १५ एप्रिल १९४४ रोजी, देश परकीयांच्या टाचेखाली असताना, लायडेन येथील ज्योतिर्विदांच्या बैठकीत हे भाकीत मांडले गेले.

१९४५ साली हॉलंड मुक्त झाले. ऊर्ट लायडेनला परतले आणि वेधशाळेचे संचालक झाले. आकाशलहरी ऐकण्यासाठी मोठ्या यंत्राची गरज होती. परंतु युद्धाने देश नागवला होता. जर्मन सैन्याने विमाने टिपण्यासाठी उभारलेल्या साडेसात मीटर व्यासाच्या लोखंडी थाळ्या मागे राहिल्या होत्या. त्यांतील एक थाळी कोटवाइक येथे उभी करून ऊर्ट व त्यांचे सहकारी कामास लागले. संहाराचे साधन ज्ञानाच्या कामी आले. १९५० साली आग लागून लहरी टिपणारे यंत्र जळून गेले. मुलर या अभियंत्याने नवे यंत्र बांधावयास घेतले. इतक्यात २५ मार्च १९५१ रोजी अमेरिकेत युएन व पर्सेल यांना ती २१ सेंटिमीटरची लहर सापडली. पहिलेपणाचा मान गेला; परंतु येथे मत्सरास जागा नव्हती. अमेरिकन शास्त्रज्ञांनी आपल्या यंत्राची माहिती मोकळेपणाने सांगितली. ११ मे १९५१ रोजी कोटवाइक येथेही लहर सापडली आणि दोन्ही देशांचे शोध एकाच नियतकालिकात, एकाच अंकात प्रसिद्ध झाले.

मग खरे काम सुरू झाले. दर थोड्या मिनिटांनी ती अवजड थाळी हाताने फिरवून आकाशाचा एकेक भाग तपासावा लागे. हॉलंडचे आकाश बहुधा ढगाळ असते. परंतु या लहरींना ढगांची अडचण नव्हती. १९५६ साली ड्विंगेलो येथे २५ मीटर व्यासाची नवी दुर्बीण उभी राहिली. १९५८ साली ऊर्ट यांनी ऑस्ट्रेलियातील सहकाऱ्यांच्या निरीक्षणांची जोड घेऊन आकाशगंगेतील हायड्रोजनचा नकाशा प्रसिद्ध केला. केंद्रापासून निघून वळत गेलेल्या सर्पिल भुजा त्यात दिसू लागल्या. ज्या पसाऱ्याचा एक धूसर पट्टाच मनुष्य आजवर पाहत आला होता, त्याचे सर्पिल रूप कागदावर उमटले.

ड्विंगेलोच्या दुर्बिणीने आणखी एक वाट उघडली. १९५७ साली फान डे हुल्स्ट व त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी देवयानी तारकासमूहातील मोठ्या सर्पिल दीर्घिकेच्या फिरण्याचा वेग तिच्या दृश्य चकतीच्याही बाहेरपर्यंत मोजला. ग्रहमालेत बाहेरचा ग्रह आतल्याहून मंद असतो. कारण तेथे जवळजवळ सारे वस्तुमान मध्यभागी, सूर्यात, साठलेले आहे. सर्पिल दीर्घिकेचाही मध्य सर्वांत तेजस्वी असतो. तेव्हा तिच्या कडेकडे जाताना वेग उतरत गेला पाहिजे, अशी सर्वांची अपेक्षा. परंतु पुढील वर्षांत जी मोजणी होत गेली, तिने ही अपेक्षा खोटी ठरविली. १९७० साली अमेरिकेच्या व्हेरा रूबिन व केन्ट फोर्ड यांना देवयानी दीर्घिकेच्या दूरच्या भागातही वेग फारसा उतरताना दिसला नाही. त्याच वर्षी हॉलंडमधील वेस्टरबोर्क येथे १२ थाळ्यांची, आणि पुढे १४ थाळ्यांची, भव्य रेडिओ दुर्बीण कार्य करू लागली. ती उभी राहावी म्हणून ऊर्ट यांनी कित्येक वर्षे खटपट केली होती. तिच्या साह्याने अल्बर्ट बोस्मा यांनी १९७८ साली अनेक सर्पिल दीर्घिकांची मोजणी प्रसिद्ध केली. बहुतेक ठिकाणी दृश्य ताऱ्यांच्या फार पलीकडे, विरळ वायूच्या कडेपर्यंत, वेग जवळजवळ सारखाच राहत होता.

गोफणीची दोरी आठवली म्हणजे याचा अर्थ कळतो. इतक्या दूरच्या वायूस इतक्या वेगाने फिरत असता आवरून धरण्यास फार मोठी ओढ हवी. आणि तेवढे द्रव्य तर तेथे दिसत नाही. दीर्घिकेच्या सभोवती न दिसणाऱ्या द्रव्याचे मोठे आवरण असले पाहिजे, असे आज बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. त्यास कृष्णद्रव्य म्हणतात. विश्वात ते आपल्या ओळखीच्या द्रव्याच्या सुमारे पाचपट असावे असा हिशेब आहे. काही थोड्या शास्त्रज्ञांच्या मते गुरुत्वाकर्षणाच्या नियमातच दुरुस्ती करावी लागेल. कृष्णद्रव्य कशाचे बनले आहे, हे अद्याप कोणासही सापडलेले नाही. दीर्घिकेच्या फिरण्यावरून तिचे वजन काढण्याची जी वाट ऊर्ट यांनी रुळविली, तीच वाट मनुष्यास या थोर रहस्याच्या दारापर्यंत घेऊन आली. पुणे जिल्ह्यात नारायणगावाजवळ खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्यांची जी विशाल रेडिओ दुर्बीण आहे, तीही हायड्रोजनची हीच लहर टिपून दीर्घिकांचा अभ्यास करते.

ऊर्ट यांची दृष्टी चौफेर होती. सूर्यमालेच्या अगदी बाहेर, फार दूरवर, धूमकेतूंचा एक प्रचंड साठा गोलाकार पसरलेला असावा, असे त्यांनी १९५० साली दाखविले. तो आज त्यांच्याच नावाने ऊर्ट मेघ म्हणून ओळखला जातो. १९५८ ते १९६१ या काळात ते आंतरराष्ट्रीय ज्योतिषशास्त्रीय संघाचे अध्यक्ष होते. युरोपातील जी राष्ट्रे काही वर्षांपूर्वी एकमेकांशी लढली होती, त्यांनी एकत्र येऊन दक्षिण गोलार्धात वेधशाळा उभारावी, यासाठी त्यांनी पुढाकार घेतला आणि १९६२ साली त्या संस्थेची स्थापना झाली. १९७० साली ते निवृत्त झाले. परंतु संशोधनातून निवृत्ती त्यांना ठाऊक नव्हती. ऐंशी वर्षांचे वय उलटल्यावरही ते दीर्घिकांच्या महासमूहांवर लेखन करीत होते. ५ नोव्हेंबर १९९२ रोजी, वयाच्या ९२ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

ऊर्ट यांच्या चरित्रात दोन प्रसंग एकमेकांस उजळून टाकतात. मोजणी वेगळे सांगते असे दिसताच त्यांनी प्रिय गुरूचा आराखडा बाजूस ठेवला. सत्ता अन्याय करते असे दिसताच त्यांनी आपले पद बाजूस ठेवले. दोन्ही वेळी सोयीची वाट दुसरी होती. जे डोळ्यांना दिसते तेवढेच जगात आहे असे न मानता, आणि जे दिसत नाही त्याविषयी पुराव्यावाचून काही न बोलता, त्यांनी पाऊण शतक आकाशाचा अभ्यास केला. निरभ्र रात्री आकाशगंगेकडे दृष्टी जाईल, तेव्हा तो शांत दिसणारा पट्टा अखंड फिरत आहे, आणि त्याच्याबरोबर आपणही फिरत आहोत, याची आठवण आपण ठेवावी.

स्वाध्याय

१. काप्टाइन यांचा ताऱ्यांविषयीचा आराखडा कोणता होता? तो चुकण्याचे कारण काय?
२. आगगाडी व बैलगाडी यांच्या दृष्टांताने कोणते कोडे उलगडले?
३. दीर्घिकेच्या फिरण्याच्या वेगावरून तिचे वस्तुमान कसे कळते, ते गोफणीच्या उदाहरणाने स्पष्ट करा.
४. सर्पिल दीर्घिकांच्या कडेचा वेग पाहून शास्त्रज्ञांना आश्चर्य का वाटले?
५. ऊर्ट यांची सत्यनिष्ठा ज्यांतून दिसते असे दोन प्रसंग आपल्या शब्दांत लिहा.